वाऱ्यावर राहणारी झाडे

आमचा धंदा बोलण्याचा खरा, पण तो कारखान्याच्या दारातल्या सभेत. पगार, पाळी, बोनस हे आमचे विषय. घरात ऑर्किडे कशी वाढवावी यावर आम्ही बोलणार, हे कळल्यावर युनियनच्या कचेरीतले एक जुने सोबती म्हणाले, "अहो, ती साहेबलोकांची फुले. तुम्ही कधीपासून साहेब झालात?" त्यांना तिथल्या तिथे दिलेले उत्तर अपुरे होते. आज ते सविस्तर देतो.

आधी आमची चूक सांगून टाकतो. वीसएक वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणात मावशीच्या आवारातल्या आंब्याची एक फांदी वादळाने खाली आली. तिच्यावर सीतेची वेणी होती. पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके असलेला तो लोंबता गजरा पाहून आम्हांला मोह झाला. झाड सोडवून शहरात आणले, कुंडीत पोयटा आणि शेणखत घालून लावले, ऊन लागू नये म्हणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले आणि दोन वेळा पाणी घातले. दोन महिन्यांत मुळे कुजली, पाने गळाली. मावशीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अरे मेल्या, ती वाऱ्यावर राहणारी. तिला मातीत कशाला पुरलीस?"

पुढे वाचीत गेलो तेव्हा कळले की, जवळजवळ हीच चूक आमच्या पावणेदोनशे वर्षे आधी इंग्लंडातल्या मोठमोठ्या विद्वानांनी केली होती, आणि तीही हजारो झाडांच्या जिवावर. जॉन लिंडली हा त्या काळचा ऑर्किडांचा सर्वश्रेष्ठ जाणकार. 1830 साली त्याने सांगितले की, ही झाडे उष्ण कटिबंधातली, तेव्हा त्यांना सदैव उष्णता, दमटपणा आणि सावली हवी. झाले! सरदार-दरकदारांनी काचेची घरे बांधली, फटी बुजवल्या आणि कोळशाच्या भट्ट्या पेटवल्या. आत वाफ कोंडली. परदेशातून आलेली झाडे त्या वाफेत एकामागून एक मेली.

या भट्ट्या रात्रभर कोण पेटत्या ठेवी, हे ऑर्किडांच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. बागेच्या मागल्या भिंतीला लागून असलेल्या खोपटात राहणारी उमेदवार माळ्यांची पोरे ती. हिवाळ्याच्या रात्री उठून कोळसा टाकायचा, सकाळी पुन्हा कामाला हजर. रात्रपाळीचा भत्ता हा शब्द तेव्हा जन्मला नव्हता.

या पोरांसारख्याच एका गरिबाघरच्या माणसाने कोंडलेल्या घराची खिडकी उघडली. जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, शाळा बेताची. 1826 साली तेविसाव्या वर्षाच्या आतबाहेर तो डेव्हनशरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील बागेचा मुख्य माळी झाला. ड्यूकला 1833च्या सुमारास ऑर्किडांचे वेड लागले. पॅक्स्टनने काचघरात वारा खेळता ठेवला, वाटांवर पाणी शिंपडून ओलावा राखला, आणि वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या झाडांना वेगवेगळ्या उष्णतेची घरे दिली. झाडे जगू लागली. 1851च्या लंडनच्या प्रदर्शनाचा तो प्रसिद्ध काचेचा राजवाडा याच माळ्याने आखला. आम्ही स्वतः शाळा अर्धवट सोडलेले असल्यामुळे या माणसाविषयी आमच्या मनात थोडा पक्षपात आहे, तो श्रोत्यांनी समजून घ्यावा.

पॅक्स्टनच्या हाताखालचा जॉन गिब्सन नावाचा माळी 1835 साली आपल्या देशाकडे निघाला. कलकत्त्याहून तो खासी टेकड्यांत गेला आणि 1837 साली ऑर्किडांचा मोठा साठा घेऊन परतला. त्यामुळे ड्यूकने आणखी दोन तरुण माळी अमेरिकेच्या वायव्य भागात धाडले. ते 1838 साली कोलंबिया नदीत बुडून मेले. फुलाच्या किमतीत हेही धरले पाहिजे.

खासी टेकड्यांतच या इतिहासातले सर्वांत सुंदर झाड होते, आणि आमच्या मते सगळी गोष्ट त्या एका झाडात सामावली आहे. ते निळ्या फुलांचे वंदा. विल्यम ग्रिफिथला ते 1837 साली सापडले, लिंडलीने 1847 साली त्याचे बारसे केले. 'वंदा' हा शब्द संस्कृतातला, अर्थ बांडगूळ. सभेत आम्ही काही लोकांना बांडगूळ म्हणतो ते योग्यच; पण या झाडावर मात्र त्या नावाने अन्याय झाला आहे. बांडगूळ दुसऱ्याच्या फांदीत मूळ घुसवून त्याचा रस पिते. वंदा फांदीवर नुसते बसते. पाऊस, दव, वारा आणि सालीवर साठलेला पालापाचोळा एवढ्यावर त्याचा संसार चालतो. ज्याच्या घरी राहते त्याचा घासही ते घेत नाही.

1850 साली जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ त्या टेकड्यांत फिरला. लेरनाई गावाजवळच्या ओकांच्या राईत त्याला ही निळी फुले वाऱ्यावर डुलताना दिसली. त्याने क्यूच्या सरकारी बागेसाठी सात माणसांच्या पाठीवर मावेल एवढे ओझे तोडवले. वाटेतल्या अडचणींमुळे फारच थोडी झाडे इंग्लंडात जिवंत पोचली. एका गृहस्थाने जागा पाहून घेण्यासाठी आपला माळी हूकरबरोबर दिला होता. त्याने एका माणसाचे ओझे विलायतेला पाठवले; ते वाईट अवस्थेत पोचले, तरी 300 पौंडांना विकले गेले. चपळ माणसाला खासी ऑर्किडांवर एका हंगामात दोन ते तीन हजार पौंड सहज मिळतील, असा हिशेबही हूकरने मांडून ठेवला. ओझी वाहणाऱ्यांची नावे मात्र त्या हिशेबात नाहीत.

तरी हूकरची एक गोष्ट आम्ही मानतो. त्याने झाड कसे राहते ते नीट पाहिले. विरळ पानांच्या, वाकड्यातिकड्या ओकाच्या उघड्या सालीवर, भर उन्हात आणि मोकळ्या वाऱ्यात ते वाढत होते. तिथला शरद आणि हिवाळा कोरडा, थंड. विलायतेतल्या काचघरात त्याला जे मिळे त्याच्या हे नेमके उलट होते, आणि तसे त्याने लिहिलेही. मावशीने एका वाक्यात सांगितले ते हेच.

पुढे ही फुले सरदारांच्या हातून निसटू लागली. 1845 साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि लहान काचघर मध्यम माणसाच्या आवाक्यात आले. बी. एस. विल्यम्स या माळ्याने 1851 साली लाखो लोकांसाठी ऑर्किडे अशा अर्थाच्या नावाने लेखमाला लिहिली आणि दुसऱ्याच वर्षी तिचे पुस्तक झाले. पण लाखोंसाठी झाडे आणायची कुठून? जंगलातून. मिलिकन नावाच्या एका शोधकाने 1891च्या आपल्या पुस्तकात कोलंबियातल्या एका मोहिमेचा जमाखर्च दिला आहे: दोन महिन्यांत सुमारे दहा हजार ऑर्किडे, आणि ती काढण्यासाठी तोडलेले वृक्ष सुमारे चार हजार. हे वाचल्यावर कोणतेही फूल चार दिवस पाहवत नाही.

मग बी का पेरू नये? कारण ऑर्किडाचे बी म्हणजे निव्वळ धूळ. एका बोंडात लाखो, पण एकाच्याही पोटी शिदोरी नाही. 1899 साली नोएल बर्नार नावाचा फ्रेंच तरुण लष्करी नोकरीत असताना त्याला रानात एका ऑर्किडाची अंकुरलेली रोपे सापडली आणि प्रत्येकात एक बुरशी दिसली. ही बुरशीच बियाला भरवते, हे त्याने ताडले. 1922 साली अमेरिकेतल्या लुईस नडसनने दाखवले की, निर्जंतुक बाटलीत साखर आणि क्षार घातलेला अगर ठेवला तर बुरशीवाचूनही बी रुजते. 1960 साली फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकाच्या कणापासून रोपे तयार केली; त्या वाटेने एका उत्तम झाडाची हजारो भावंडे निघू लागली. आज रोपवाटिकेत कुंडी मिळते ती या बाटल्यांची कृपा. आमच्या सोबत्याला आमचे उत्तर हेच, की साहेबांचे फूल बाटलीने सर्वांचे केले.

निळ्या वंदालाही त्याचा लाभ झाला. भारतात 1991च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात ते सर्वांत कडक यादीत होते, तिथून 2005 साली एक पायरी खाली आले. 1931 साली नोंदलेल्या त्याच्या एका प्रसिद्ध संकराची, त्याच्या नातवंडा-पतवंडांची निळी फुले आज बाजारात असतात. मूळ झाड थंड टेकड्यांचे. ही संकरित मंडळी आपल्या उकाड्यात अधिक रमतात.

आमच्या गॅलरीत त्यांतले एक आहे. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत लोणारी कोळशाचे आणि जुन्या कौलाचे चार तुकडे, मातीचा कणही नाही. मुळे हात-हात खाली लोंबतात. ती पांढरी असतात. पाणी शिंपडले की हिरवी होतात, आणि हिरवी झाली की पुरे. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी, पावसाळ्यात आकाश घालते तेवढे, थंडीत एखाद-दुसरा दिवस सोडून. शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहू देत नाही, कारण तिथून कूज शिरते. ऊन सकाळचे. पान काळपट हिरवे दिसू लागले तर टोपली उजेडाकडे सरकवतो, पिवळट झाले तर आत घेतो. डेंड्रोबियम लावणाऱ्याने कोळशाबरोबर नारळाच्या सोडणाचे तुकडे घातले तरी चालते, फक्त ते जुने होऊन लगदा झाले की बदलावे.

आणलेल्या झाडाला आमच्याकडे पहिली दोन वर्षे फूल आले नाही. घरच्यांनी त्याला नुसती मुळेच फुटतात म्हणून हसायला सुरुवात केली होती. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर दांडा निघाला, त्यावर नऊ फुले आली आणि ती महिनाभर टिकली. कोकणातली ती फांदी जिथून पडली त्या आंब्यावर अजून सीतेची वेणी आहे. दर उन्हाळ्याअखेर फोनवर मावशी सांगते, "फुललीय हो." आम्ही जाऊन पाहून येतो.