मुष्टियुद्धातील फेऱ्यांचे गुणांकन

मुष्टियुद्धातील फेऱ्यांचे गुणांकन म्हणजे लढत ठोशाने वा रेफरीच्या निर्णयाने मध्येच न संपता पूर्ण वेळ चालली असता, रिंगणाबाहेर बसलेल्या पंचांनी प्रत्येक फेरीला गुण देऊन विजेता ठरविण्याची पद्धत होय. हौशी मुष्टियुद्धात सध्या पाच, तर व्यावसायिक मुष्टियुद्धात साधारणतः तीन पंच हे काम करतात. प्रत्यक्ष रिंगणात वावरणारा रेफरी नियमभंग, मोजणी आणि खेळाडूंची सुरक्षितता पाहतो; गुण देणे हे सहसा त्याचे काम नसते. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ आणि उंच उडीत दांडी निकाल देते. मुष्टियुद्धात मात्र निकाल माणसाच्या डोळ्यांवर आणि विवेकावर सोपविलेला असतो. या खेळाच्या इतिहासात पंचांच्या निर्णयावरून इतके वाद का झाले, याचे मूळ येथेच आहे.

स्वरूप

सध्या सर्वत्र 'दहा गुणांची सक्ती' ही पद्धत रूढ आहे. फेरी जिंकणाऱ्यास पंचाने १० गुण दिलेच पाहिजेत, म्हणून हे नाव. हरणाऱ्यास साधारणतः ९ गुण मिळतात. एका खेळाडूचे वर्चस्व स्पष्ट असेल तर ८ आणि फेरी अगदीच एकतर्फी झाली तर ७ गुण देता येतात. व्यावसायिक लढतीत खेळाडू ठोशाने खाली पडला की ती फेरी बहुधा १०-८ अशी नोंदवली जाते. हौशी मुष्टियुद्धात तसे आपोआप घडत नाही. तेथे रेफरीने अधिकृत ताकीद दिली तर मात्र संबंधित खेळाडूचा गुण वजा होतो. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर व्यावसायिक लढत अधिकाधिक बारा फेऱ्यांची असते.

फेरी कोणाची, हे ठरविताना हौशी मुष्टियुद्धात लक्ष्यावर बसलेल्या दर्जेदार ठोशांची संख्या, तंत्र व डावपेच यांतील वर्चस्व आणि लढाऊपणा यांचा विचार होतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरील ताबा आणि बचाव हे चार निकष मानले जातात. निकष कागदावर नेमके वाटतात. पण सतत पुढे येणारा खेळाडू श्रेष्ठ की मागे सरकत अचूक ठोसे देणारा, या प्रश्नाचे सर्व पंचांना मान्य असे उत्तर त्यांत नाही. मराठीच्या निबंधाची एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे दिली तर गुण क्वचितच सारखे पडतात. पण परीक्षकाला ती पुन्हा वाचता येते, पंचाला फेरी पुन्हा पाहता येत नाही.

जागेचाही प्रश्न आहे. पंच रिंगणाच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. एखाद्या क्षणी खेळाडूची पाठ पंचाकडे असेल तर पोटावर बसलेला ठोसा त्याला दिसत नाही, समोरच्या पंचाला दिसतो. त्यामुळे पाच पंचांत मतभेद झाले म्हणून कोणी अप्रामाणिक होता असे म्हणता येत नाही. एकाच बाजूने सर्व पंच बसविण्यापेक्षा असा मतभेद पत्करणे केव्हाही बरे.

बेरजेतील विसंगती

पंच पूर्णतः निःपक्षपाती असले तरी गुण एकत्र करण्याच्या रीतीमुळे प्रेक्षकांना निकाल अन्यायकारक वाटू शकतो. समजा, एका खेळाडूने पहिली व तिसरी फेरी १०-९ अशी थोडक्यात जिंकली आणि दुसरी ८-१० अशी गमावली. त्या पंचाच्या कागदावर बेरीज २८-२८ अशी बरोबरीची होते. दोन फेऱ्या जिंकूनही त्याला आघाडी मिळत नाही. हौशी मुष्टियुद्धात अशा वेळी पंचाला स्वतःच्या निर्णयाने एक विजेता निवडावा लागतो.

दुसरी विसंगती अधिक सूक्ष्म आहे. लढतीचा निकाल फेऱ्यांच्या बहुमतावर लागत नाही. प्रत्येक पंच आपल्या तिन्ही फेऱ्यांची बेरीज करतो आणि मग पंचांचे बहुमत पाहिले जाते. टोकियो ऑलिंपिकमध्ये जुलै २०२१ मध्ये एम. सी. मेरी कोम आणि कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया यांच्या लढतीत हेच घडले. पहिली फेरी पाचपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी आणि तिसरी फेरी प्रत्येकी तीन पंचांनी मेरी कोमला दिली. तीनपैकी दोन फेऱ्यांत बहुमत मिळूनही मेरी कोम २-३ अशी पराभूत झाली. गणित पाहिले तर उलगडा होतो. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत मेरी कोमच्या बाजूने असलेले तीन-तीन पंच अगदी तेच नसतील, तर पहिली फेरी व्हॅलेन्सियाला दिलेल्या एखाद्या पंचाची एकच उरलेली फेरी मेरी कोमकडे वळते आणि त्याची बेरीज २९-२८ अशी व्हॅलेन्सियाच्याच बाजूने राहते. नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात परिचित गोष्ट दिसेल: राज्यभर मते अधिक मिळूनही विधानसभेतील जागा कमी पडू शकतात, तसाच हा प्रकार. निकालानंतर, आपणच जिंकलो अशी आपली समजूत होती, असे मेरी कोमने सांगितले. त्या स्पर्धेत निकालाविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती.

इतिहास

आधुनिक मुष्टियुद्धाचा पाया मानले जाणारे क्वीन्सबेरी नियम १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि दहा सेकंदांची मोजणी ही त्यांची देणगी. गुणांकनाच्या न्याय्यतेचा प्रश्न जगापुढे खऱ्या अर्थाने आला तो १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये. ७१ किलो वजनगटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्स यांनी यजमान कोरियाच्या पार्क सी-हुन यांना ८६ ठोसे मारले आणि स्वतः ३२ खाल्ले, अशी दूरचित्रवाणीवरील गणना होती. तरीही पाचपैकी तीन पंचांनी पार्क यांना विजयी ठरविले. त्याच स्पर्धेत सर्वोत्कृष्ट शैलीचा व्हॅल बार्कर चषक जोन्स यांना मिळाला, हा विरोधाभास बोलका आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या चौकशीत पंचांनी लाच घेतल्याचा पुरावा आढळला नाही आणि निकाल कायम राहिला. अनेक वर्षांनी पार्क यांनी स्वतः जोन्स यांच्याकडे जाऊन ते पदक त्यांच्या हाती दिले.

या प्रकरणानंतर यंत्र आले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून प्रत्येक पंचापुढे लाल व निळ्या खेळाडूसाठी स्वतंत्र बटणे असत. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबले तरच ठोसा मोजला जाई. पंचाची मर्जी आता चालणार नाही, अशी अपेक्षा होती. पहिल्याच स्पर्धेत अमेरिकेचा एरिक ग्रिफिन स्पेनच्या राफाएल लोझानोकडून ५-६ असा हरला. पाचही पंचांच्या वैयक्तिक नोंदींत ग्रिफिन पुढे होता. त्या नोंदींची एकूण बेरीज ८१-५० अशी त्याच्या बाजूने होती. पण बटणे एकाच सेकंदात दाबली गेली नसल्याने त्याचे बहुतेक ठोसे मोजलेच गेले नाहीत. प्रत्येक परीक्षकाने उत्तीर्ण केलेला विद्यार्थी निकालपत्रकात अनुत्तीर्ण ठरावा, तसे हे झाले. या पद्धतीने खेळाचे रूपही पालटले. पोटावरील ठोसे आणि ठोशांची सलग मालिका टिपणे अवघड असल्याने खेळाडू दुरून एकेक सरळ ठोसा मारून पळू लागले.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यंत्राच्या जोडीला रेफरीच्या चुकाही उघड झाल्या. जपानच्या सातोशी शिमिझूने अझरबैजानच्या प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या फेरीत वारंवार खाली पाडूनही तो पराभूत घोषित झाला. अपिलात निकाल फिरला आणि रेफरीला घरी पाठविण्यात आले.

२०१३ मध्ये यंत्र बंद होऊन दहा गुणांची पद्धत आली. आरंभी पाच पंचांपैकी तिघांचेच गुण संगणक निवडत असे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आयर्लंडचा मायकेल कॉनलन आणि कझाकस्तानचा वसिली लेवित यांच्या पराभवांवरून गदारोळ उठला. कॅनडाचे विधिज्ञ रिचर्ड मॅक्लॅरेन यांच्या २०२१ च्या अहवालाने रिओमध्ये लढतींचे निकाल फिरविण्याची यंत्रणा अस्तित्वात होती, असे म्हटले. रिओतील ३६ पंचांपैकी एकालाही टोकियोत नेमण्यात आले नाही.

व्यावसायिक मुष्टियुद्धही याला अपवाद नाही. १९९९ मध्ये इव्हँडर होलिफील्ड व लेनॉक्स लुईस यांची जगज्जेतेपदाची लढत न्यूयॉर्कमध्ये बरोबरीत सुटली. एका पंचाने लुईसला ११६-११३, दुसऱ्याने होलिफील्डला ११५-११३ आणि तिसऱ्याने ११५-११५ असे गुण दिले होते; प्रेक्षकांतील बहुतेकांना लुईस जिंकला असे वाटत होते.

भारतीय खेळाडूंची प्रकरणे

लंडनमध्ये ६९ किलो गटात विकास कृष्णन अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ असा विजयी घोषित झाला. अमेरिकेच्या आक्षेपानंतर, विकासने तिसऱ्या फेरीत नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले आणि दुसऱ्या फेरीत दातांवरील कवच मुद्दाम बाहेर टाकले, तरी रेफरीने पुरेशा ताकिदी दिल्या नाहीत, असे ठरले. स्पेन्सच्या खात्यात चार गुण वाढले आणि निकाल १५-१३ असा उलटला. चूक रेफरीची असूनही किंमत खेळाडूने मोजली, असे येथे म्हणावे लागते. मात्र फेरतपासणी नसती तर अन्याय स्पेन्सवर झाला असता, हेही खरे.

२०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत एल. सरिता देवी उपांत्य लढतीत यजमान देशाच्या पार्क जी-नाकडून पराभूत घोषित झाली. भारताचा आक्षेप फेटाळला गेला. पदक वितरणाच्या वेळी सरिताने आपले कांस्यपदक पार्कच्या गळ्यात घातले. या कृतीसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निशांत देवचा मेक्सिकोच्या मार्को वेर्देविरुद्धचा १-४ असा पराभवही भारतात वादग्रस्त ठरला.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतीय हौशी मुष्टियुद्ध महासंघ १९४९ मध्ये स्थापन झाला आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. अलीकडच्या काळात नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे ८१ किलोवरील गटात आणि पुण्याच्या देविका घोरपडेने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमध्ये ५२ किलो गटात युवा जागतिक सुवर्णपदक मिळविले. दोघींच्या अंतिम लढतींचा निकाल ५-० असा एकमुखी होता. वर्तमानपत्रांत हे आकडे कधी कधी गोलांसारखे वाचले जातात. ५-० म्हणजे पाचही पंचांनी तिला विजयी ठरविले, एवढाच त्याचा अर्थ. लढत त्यातही अटीतटीची असू शकते.

चंद्रपूर, मूल, सावली, गडचिरोली या पट्ट्यातील शाळांच्या मैदानांवर कबड्डी आणि खो-खो अधिक परिचित आहेत. तेथे स्पर्श, रेषा आणि खांब यांवर गुण ठरतो आणि वाद झालाच तर त्या एका घटनेपुरता होतो. कुस्तीतही चितपट हा निर्विवाद निकाल मानला जाई. तथापि २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ टेकली की नाही यावरूनच उपांत्य लढतीत मोठा वाद झाला. मुष्टियुद्धात तर टेकायला पाठही नसते.

शालेय गटात हा प्रश्न केवळ मानापमानाचा राहत नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दोन्हींसाठी स्पर्धेची पातळी आणि तेथील कामगिरी पाहिली जाते. ३-२ अशा निकालात एका पंचाचा कौल फिरला तर पुढची फेरी, प्रमाणपत्र आणि त्यावर अवलंबून असलेली संधी दुसऱ्याकडे जाते. खालच्या स्तरावर पंच मोजके असतात, ते बहुधा एकमेकांच्या ओळखीचे असतात, आणि लढतीचे चित्रीकरण होईलच असे नाही. ऑलिंपिकच्या चर्चेत हा भाग नेहमी दुर्लक्षित राहतो.

सुधारणा

रिओनंतर पाचही पंचांचे गुण धरले जाऊ लागले. टोकियोत प्रत्येक फेरीनंतर गुण जाहीर करण्यात आले; त्यामुळे मागे पडलेल्या खेळाडूला शेवटच्या फेरीत काय करायचे ते कळते, पण पुढे असलेला खेळाडू सावधपणे वेळ काढू शकतो, असा आक्षेपही आहे. लढतीत भाग घेणाऱ्या देशांचे पंच त्या लढतीला न नेमणे, नेमणूक आयत्या वेळी चिठ्ठीने वा संगणकाने करणे आणि प्रत्येक पंचाच्या निर्णयांची बहुमताशी तुलना करून त्याचे मूल्यमापन ठेवणे हे उपाय वापरले जातात. शेवटच्या उपायात एक धोका आहे. बहुमताशी जुळवून घेणारा पंच चांगला ठरू लागला, तर एकट्याने बरोबर पाहणारा पंच गप्प बसायला शिकतो.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये जागतिक मुष्टियुद्ध संघटनेला निलंबित केले आणि जून २०२३ मध्ये तिची मान्यता काढून घेतली. पंचगिरीची विश्वासार्हता हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या 'वर्ल्ड बॉक्सिंग' या संघटनेला फेब्रुवारी २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचा समावेश निश्चित झाला.