यादीत नाव आहे का?

१८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली तेव्हा परीक्षेला १३२ मुलं बसली आणि २२ पास झाली. या बाविसांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. तीन वर्षांनी हेच चौघे विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांना त्यांची जागा मिळाली. बाकीच्या ११० जणांची नावं यादीत नव्हती. आपल्याकडच्या निकालाच्या धास्तीचा इतिहास खरं तर या ११० जणांपासून सुरू होतो.

मॅट्रिक म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, असं पुढच्या पिढ्या धरून चालल्या. मुळात ती कॉलेजात शिरण्याची परीक्षा होती. कलकत्ता विद्यापीठात तर तिला सरळ एन्ट्रन्सच म्हणत. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं होतं. शिकवायचं शाळा-कॉलेजांनी आणि पारखायचं विद्यापीठानं, अशी वाटणी होती. त्यामुळे कराचीपासून धारवाडपर्यंतच्या मुलांचे पेपर त्यांना कधीही न पाहिलेले परीक्षक तपासत. आपल्या शिक्षकाला मुलगा ओळखून असे, त्याच्या रागालोभाचा त्याला अंदाज असे. या नव्या परीक्षकाचा अंदाज कुणालाच येईना. निकालाची वाट पाहणं इतकं जड झालं, याचं मोठं कारण हा अनोळखीपणा आहे.

दुसरं कारण यादीच्या रचनेत होतं. विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरांत पास झालेल्यांची नावं शाळेच्या नावासह छापलेली असत. नापासांचा उल्लेख नसे. पास होणाऱ्याला निकाल कळे, नापास होणाऱ्याला मात्र आपलं नाव नाही एवढंच कळे. किती गुणांनी हुकलं, कुठल्या विषयात अडलं, हे कळण्याआधीच घरात सुतकी कळा पसरे.

काहींना तर यादीपर्यंतही पोचू दिलं जात नसे. कोकणातल्या मुरुडहून धोंडो केशव कर्वे सतराव्या वर्षी सरकारी मराठी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवून ते पोचले. तिथे परीक्षा समितीनं त्यांच्याकडे पाहिलं, हा फारच लहान दिसतो असं ठरवलं आणि त्यांना परत पाठवलं. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक व्हायला त्यांना १८८१ साल उजाडलं. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मुलींना तर विद्यापीठाचं दारच १८८३ पर्यंत बंद होतं. त्याच कर्व्यांनी पुढं स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं.

त्या काळचे गुण आज वाचले तर आश्चर्य वाटतं. राजकोटच्या मोहनदास गांधींनी १८८७ च्या नोव्हेंबरात मॅट्रिक दिली. परीक्षेची केंद्रं दोन, मुंबई आणि अहमदाबाद. घरची परिस्थिती बेताची, म्हणून त्यांनी जवळचं अहमदाबाद धरलं. राजकोटहून तिथवरचा तो त्यांचा पहिला एकट्यानं केलेला प्रवास. इंग्रजीत २०० पैकी ८९, गुजरातीत १०० पैकी साडेपंचेचाळीस, गणितात १७५ पैकी ५९ आणि सामान्यज्ञानात १५० पैकी ५४, असे एकूण ६२५ पैकी अडीचशेला अडीच कमी, म्हणजे २४७.५ गुण त्यांना मिळाले. टक्केवारी चाळीसच्याही आत. तरी ते पास होते, आणि पास होणं हीच मोठी गोष्ट होती. जानेवारीत ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. गुण किती, हे त्या घरात कुणी फारसं विचारलं असेल असं वाटत नाही. मुलगा मॅट्रिक झाला, एवढं पुरेसं होतं.

वीस वर्षांनी, १९०७ मध्ये, एल्फिन्स्टन हायस्कूलच्या भीमराव आंबेडकरांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत हा अभ्यास झाला होता. वडील रामजी पहाटे दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला, ही बातमी एका घरापुरती राहणार नव्हती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचाच पुढाकार होता. महाराष्ट्रातल्या एखाद्या निकालानं इतकं दूरवर काही हलवलं असेल, तर तो हा निकाल होय.

यादीत नाव असणं पुरेसं न राहता नाव कितवं आहे हे महत्त्वाचं कधी झालं? त्याची सुरुवात शिष्यवृत्त्यांनी केली. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हा मॅट्रिकचा सर्वांत मोठा मान. १८८० साली चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी पुण्यात काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलनं अशा शिष्यवृत्त्यांच्या जोरावर थोड्याच वर्षांत नाव कमावलं. १९१२ मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख विद्यापीठात पहिले आले आणि शंकरशेटही त्यांनीच पटकावली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाल्यावरही त्यांची ती मॅट्रिक महाराष्ट्र विसरला नाही. शाळेची पत मुलांच्या निकालावर ठरते हा हिशेब त्या काळातला आहे. आजच्या क्लासवाल्यांच्या फलकांना दोष देताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

स्वातंत्र्यानंतर परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली, मॅट्रिकची एस.एस.सी. झाली. मुलांची संख्या इतकी वाढली की नावं छापणं शक्यच राहिलं नाही. वर्तमानपत्रांत आता बैठक क्रमांक येऊ लागले. ज्यांनी ते पान पाहिलं आहे त्यांना ते विसरता येणार नाही. अगदी बारीक टाइप, केंद्राचं नाव ठळक आणि खाली रांगेनं आकडे. समजा मुलाचा नंबर ४१९. बोट ४१७ वर येई, ४१८ वर येई, आणि पुढचा आकडा ४२० असे. घरातलं दुसरं माणूस पान ओढून घेई. मग छापण्यात चूक झाली असेल म्हणून शेजारच्यांचं वर्तमानपत्र मागून आणलं जाई. तिथंही ४१८ नंतर ४२०.

ज्यांचा आकडा सापडे त्यांच्या घरी पेढे. परगावच्या काकांना तार. तार खात्याकडे शुभेच्छांची ठरावीक वाक्यं क्रमांकानं पाठवायची सोय होती, आणि त्यांत परीक्षेतल्या यशाचं अभिनंदन करणारं वाक्यही होतं. गुण कळायचे ते शाळेत गुणपत्रिका मिळाल्यावर. म्हणजे वाट पाहणं दोनदा: आधी पास की नापास याची, मग फर्स्ट क्लास की सेकंड क्लास याची.

याच काळात ‘बोर्डात येणं’ हा शब्दप्रयोग घराघरांत रुळला. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो छापून येत, आईवडिलांनी पेढा भरवतानाचे. एका गुणानं वर किंवा खाली जाणाऱ्या या मुलांवर आणि त्यांच्याशी तुलना होणाऱ्या इतर हजारो मुलांवर त्या यादीचं फार मोठं ओझं पडलं. दोन हजारनंतरच्या दशकात मंडळानं ती जाहीर करणं थांबवलं. हा निर्णय उशिरा झाला, पण बरोबर झाला.

दहा अधिक दोनचा आकृतिबंध आल्यावर खरा निर्णय बारावीवर गेला, आणि पुढं बारावीवरूनही सीईटी आणि नीटवर सरकला. आता वाट मिनिटांची असते. पण त्या मिनिटांत लाखो जण एकाच वेळी एकच वेबसाइट उघडू पाहतात आणि ती उघडत नाही. २०१९ पासून राज्याची सीईटी संगणकावर होते आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल मिळतो. किती उत्तरं बरोबर आली यावरून निकाल कळत नाही. आपल्या सत्रातले इतर किती मागे राहिले, यावर तो ठरतो.

२०२४ च्या नीटनं तर निकाल लागल्यावरही वाट पाहायला लावली. ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी, निकाल आला. २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या या परीक्षेत ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण निघाले. वाढीव गुणांवरून वाद झाला, काहींची फेरपरीक्षा झाली, पेपरफुटीची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलैअखेर सुधारित निकाल आला तेव्हा पूर्ण गुण मिळवणारे १७ उरले. हाती आलेला निकालही खरा मानायचा की नाही, हे मुलांना जवळजवळ दोन महिने कळत नव्हतं. एवढ्या मोठ्या परीक्षा घेणाऱ्यांनी मुलांना दिलेला हा त्रास अक्षम्य आहे.

नापासांसाठी मात्र एक चांगला बदल झाला आहे. ऑक्टोबरची परीक्षा पूर्वीही होती, पण तिचा निकाल येईपर्यंत कॉलेजं निम्मी संपलेली असत आणि वर्ष वाया जाई. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली. तीत पास होणाऱ्या मुलाला त्याच वर्षी अकरावीत जाता येतं. निकालाच्या दिवशी ज्या घरात आकडा सापडणार नाही, तिथल्या आईवडिलांनी मुलाला सर्वांत आधी हे सांगावं.