फुलपांखरांच्या पेटीची कहाणी



एखाद्या स्नेह्याकडे गेलों असतां दिवाणखान्याच्या भिंतीवर कांचेच्या पेटींत टांचलेलीं फुलपांखरें दिसतात. आपण क्षणभर रंगांचें कौतुक करतों आणि गप्पांकडे वळतों. परंतु या पेटीमागें तीनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत एका बाईच्या शहाणपणाचाच निवाडा झालेला आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

इंग्लंडांत हा छंद सतराव्या शतकाच्या अखेरीस रुजला. लंडनमधील औषधविक्रेता जेम्स पेटिव्हर हा परदेशीं जाणाऱ्या लोकांकडून कीटक मागवी. त्याची कांहीं फुलपांखरें अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांमध्यें दाबून ठेविलेलीं होतीं. १७१८ सालीं तो वारल्यावर त्याचा संग्रह सर हॅन्स स्लोन यांनीं विकत घेतला. स्लोन यांच्याच संग्रहावर १७५३ सालीं ब्रिटिश म्युझियम उभें राहिलें, आणि त्यामुळें पेटिव्हरचीं फुलपांखरें लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत अद्याप टिकून आहेत.

सॉमरसेट परगण्यांतील एलिनॉर ग्लॅनव्हिल ही बाई या पेटिव्हरला नमुने पाठवीत असे. सुरवंट पाळून त्यांचीं फुलपांखरें होतांना पाहणें हा तिचा आवडता उद्योग होता. १७०९ सालीं ती मरण पावली. आपल्या इस्टेटीचा मोठा भाग तिनें पोटच्या मुलांस न देतां एका नातलगास दिला होता. मुलानें मृत्युपत्रास हरकत घेतली, आणि १७१२ सालीं, बाईची बुद्धि ठिकाणावर नव्हती या कारणास्तव, तें रद्द झालें. फुलपांखरांमागें धांवणारी बाई शहाणी असूंच शकत नाहीं, असा नातलगांचा युक्तिवाद होता, असें मोझेस हॅरिस यानें १७६६ सालच्या आपल्या 'दि ऑरेलियन' या सचित्र ग्रंथांत नमूद केलें आहे. तिची बुद्धि नाकारण्यांत आली खरी. पण तिला सांपडलेल्या एका ठिपकेदार फुलपांखरास आजही तिचेंच नांव आहे.

संग्रहाचे शत्रू मात्र कोर्टाहून निराळे असतात. १७४८ सालच्या मार्च महिन्यांत लंडनच्या कॉर्नहिल भागांत मोठी आग लागली. ऑरेलियन सोसायटी या छांदिष्टांच्या मंडळाची बैठक त्या वेळीं स्वान टॅव्हर्नमध्यें चालली होती. सभासद जीव घेऊन बाहेर पडले. पेट्या, पुस्तकें, कागदपत्रें सारीं भस्म झालीं.

आगीचा प्रसंग क्वचित्. नित्याचे शत्रू तीन: ऊन, ओल आणि कीड. उन्हानें पंखांचे रंग विटतात. म्हणून पेटी खिडकीसमोर कधींही टांगूं नये. ओलीनें बुरशी धरते. आपल्या कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत तर बाहेरच्या भिंतीपासून पेटी दूरच ठेवावी. तिसरा शत्रू म्हणजे एक इवलासा भुंगेरा. त्याची केसाळ अळी वाळलेलें अंग आंतून पोखरते, आणि टांचणीखालीं बारीक भुगा दिसला कीं समजावें, चोर घरांत शिरला आहे. पेटीचें झांकण घट्ट बसणारें असावें आणि वरचेवर तपासणी करावी, हाच यावर खरा उपाय.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे टांचणीखालची चिठ्ठी. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयांत १७०२ सालीं पकडलेलें एक फिकट पांढरें फुलपांखरूं टांचणीवर अद्याप उभें आहे. तें दिसावयास साधेंच. परंतु त्याचें साल ठाऊक आहे, आणि त्यामुळेंच अभ्यासकांना त्याचें मोल. स्थळ व तिथि यांवांचून फुलपांखरूं केवळ शोभेची वस्तु ठरतें.

आपल्याकडे मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं स्थापन झाली, आणि तिनें असले नमुने शास्त्रासाठीं जपले. आज मात्र भारतांत अनेक फुलपांखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. परवान्यावांचून तीं पकडणें गुन्हा होय. तेव्हां नवी पेटी भरण्याचा मोह टाळावा. पण आजोबांच्या वेळची एखादी पेटी माळ्यावर पडली असेल, तर ती खालीं उतरवावी, धूळ झाडावी, आणि त्या बारीक अक्षरांतल्या चिठ्ठ्या आधीं वाचाव्या. पंखांचे रंग गेले असतील. चिठ्ठी शाबूत असली तर पेटी अजून बोलते.