बास्केटबॉलमधील किरकोळ संपर्क आणि पंचांचा निर्णय : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना
भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये किरकोळ धक्का फाऊल मानावा किंवा नाही, हा वादाचा विषय ठरतो. पाच फाऊल होताच खेळाडू सामन्यातून बाद होतो. त्यामुळे हा प्रश्न विद्यार्थ्याला मिळणाऱ्या न्यायाचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे हा खेळ निर्माण केला. चेंडू घेऊन धावता येत नसेल, तर प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचे कारणच उरत नाही, हा त्यामागील विचार होता. त्यांच्या 13 नियमांपैकी पाचव्या नियमाने खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाडणे व मारणे निषिद्ध ठरविले. दुसऱ्या फाऊलनंतर पुढील गोल होईपर्यंत खेळाडूस बाहेर राहावे लागे. म्हणजे प्रारंभी कृती हाच दोष होता.

परंतु 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद मैदानावर दहा खेळाडू वेगाने धावत असता स्पर्श सर्वस्वी टळणे अशक्य असते. त्यामुळे कृतीपेक्षा तिच्या परिणामाला महत्त्व आले. 1932 मध्ये स्थापन झालेल्या 'फिबा'च्या नियमांत आज लाभ-हानीचे तत्त्व आहे. संपर्काने कोणाचा लाभ वा हानी झाली नसेल, तर पंचाने खेळ विनाकारण थांबवू नये.

संपर्काचा अर्थ
1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच पदकाच्या खेळांत समावेश झाला. त्याच प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले. कबड्डीत पकड हे कौशल्य, तर बास्केटबॉलमध्ये तीच पकड फाऊल ठरते. संपर्काचा दोष स्पर्शात नसून खेळाच्या हेतूत असतो, हे यावरून दिसते. चेंडू टाकणाऱ्याच्या मनगटाला लागलेल्या हलक्या हातानेही नेम चुकतो. मैदानाच्या मध्यावर खांद्याला झालेल्या तशाच स्पर्शाने काहीच बिघडत नाही. आपल्या जागी हात सरळ उंचावून उभ्या असलेल्या बचावपटूवर प्रतिस्पर्धी आदळला, तर दोष बचावपटूचा नसतो.

निष्कर्ष
परिणाम पाहणे म्हणजे धसमुसळेपणाला मोकळीक देणे नव्हे. पहिल्या मिनिटाला लावलेला निकष अखेरच्या मिनिटालाही तोच राहिला पाहिजे. निर्णयातील हे सातत्यच पंचाच्या अधिकाराला नैतिक बळ देते.