मुक्काम कुठे करायचा? मुंबईतल्या स्वस्त उतारूखोलीची गोष्ट

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सोलापुरात हिशेबनिसाची नोकरी करता करता जुन्या कागदांचा नाद लागला आणि गेली वीस-बावीस वर्षे मी सवड मिळेल तशी मुंबईची वारी करतो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार हे माझे पंढरपूर. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, दोन-तीन दिवस कागद चाळायचे आणि परत. या वाऱ्यांत कागदांइतकाच एक प्रश्न मला छळत आला, तो म्हणजे मुक्काम कुठे करायचा.

पहिल्या वेळी मी भाडे पाहिले आणि फसलो. लांबच्या उपनगरात निम्म्या दरात खोली मिळाली म्हणून खूश झालो. सकाळच्या लोकलमध्ये तीनदा प्रयत्न केल्यावर कसाबसा पाय ठेवायला जागा मिळाली. कागद हाती येईपर्यंत दुपार झाली, आणि संध्याकाळी खोलीवर पोचलो तेव्हा टिपणे नीट उतरून काढायचेही त्राण उरले नव्हते. हिशेबनिसाची सवय म्हणून घरी आल्यावर खर्च मांडला. भाड्यात वाचलेले पैसे रिक्षात, लोकलमध्ये आणि बाहेरच्या खाण्यात गेले होते. वाया गेलेला दीड दिवस त्या हिशेबात धरलाच नव्हता. पुढच्या खेपेपासून मी बोरीबंदराच्या आसपासच लॉज शोधू लागलो. खोली लहान, खिडकी भिंतीकडे उघडणारी, पण कचेरी पायी गाठता येई.

मग कुतूहल वाढले. स्वस्त लॉज नेमके याच भागात का आहेत? ते कधी आले? आणि ते येण्याआधी माझ्यासारखा माणूस कुठे उतरत होता? हे शोधताना भाडे आणि जागा या दोन प्रश्नांखाली दडलेला एक तिसरा प्रश्न माझ्या हाती लागला. हा लेख मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

आगगाडी आणि धर्मशाळा

आपल्याकडे परगावच्या माणसाला पहिला प्रश्न असतो, 'कुठे उतरलात?' पूर्वी त्याचे उत्तर बहुधा कुणाच्या तरी घराचे असे. नातलग, जातभाई, गाववाला किंवा पुरोहित. घर नसेल तर देऊळ, मठ, धर्मशाळा. पैसे देऊन परक्याच्या छपराखाली झोपणे ही प्रतिष्ठिताची रीत नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि दहा वर्षांत, १८६३ मध्ये, बोरघाटातला लोहमार्ग पूर्ण झाला. पुण्याहून मुंबईचा प्रवास दिवसांवरून तासांवर आला. कोर्टकज्जा, माल भरणे, परीक्षा, नोकरी, औषधपाणी अशा कामांसाठी हजारो माणसे एक-दोन रात्रींसाठी शहरात येऊ लागली. इतक्यांना पुरतील एवढे नातलग कुणाचेच मुंबईत नव्हते.

नकाशा समोर ठेवला तर पुढची गोष्ट आपोआप उलगडते. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. १८७८ मध्ये हायकोर्टाची आजची इमारत पूर्ण झाली आणि त्याच वर्षी बोरीबंदरच्या भव्य स्थानकाचे काम सुरू झाले, ते १८८८ पर्यंत चालले. पूर्वेला गोदी, उत्तरेला काळबादेवी-भुलेश्वरच्या कापड आणि किराण्याच्या पेठा. स्थानक, बाजार, कोर्ट आणि बंदर ही चारही ठिकाणे जिथून पायी गाठता येतात, तिथेच मुक्कामाच्या जागा दाटल्या. आजही माल भरायला आलेला व्यापारी त्याच गल्ल्यांत खोली बघतो.

पण या जागा सगळ्यांसाठी सारख्या नव्हत्या. सी. पी. टँक परिसरात माधवबाग झाली, जैन समाजाची हिराबाग झाली. क्रॉफर्ड मार्केटजवळ मुसाफिरखाना झाला, हजला निघालेल्या यात्रेकरूंना बंदर जवळ पडे. दानशूर शेटजींनी पदरचे पैसे घालून या वास्तू उभारल्या आणि त्यांचे उपकार हजारोंवर आहेत. मात्र धर्मशाळेच्या दाराशी पैशांआधी ओळख लागे. आपण कोण, कुठल्या समाजाचे, कुणाची चिठ्ठी आणली आहे? मुक्काम फुकट किंवा नाममात्र दरात मिळे, कारण तुमच्या वतीने तुमची जात, तुमचा धर्म किंवा तुमचे गाव आधीच हमी देऊन बसलेले असे.

गावाची खोली

या हमीचे मला सर्वांत लोभस वाटलेले रूप धोबीतलावच्या गोवेकरांच्या क्लबांत दिसते. कोकणीत त्यांना कूड म्हणतात, म्हणजे खोली. गोव्याहून बोटीवर काम करायला येणारा खलाशी, खानसामा किंवा वाजंत्री आपल्या गावच्या कुडात उतरे. महिन्याची वर्गणी अगदी थोडी. भिंतीकडेने प्रत्येकाची लाकडी पेटी, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, गावच्या फेस्ताच्या दिवशी इथेही फेस्त. माणूस वर्षभर समुद्रावर असला तरी पेटी कुडात सुरक्षित राही. बोटीच्या भरतीसाठी थांबायचे तर गोदी आणि कचेऱ्या जवळ. परवडणारी आणि मोक्याची, दोन्ही अटी पुऱ्या. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे अनेक क्लब होते.

गिरणगावात कोकण-घाटावरच्या चाकरमान्यांनी हेच आपल्या पद्धतीने केले. गावकीच्या खोल्या घेतल्या, एका पाळीचा माणूस कामावर गेला की दुसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा झाला. जेवण खानावळीत, आणि खानावळ बहुधा गावाकडच्याच एखाद्या बाईची.

या व्यवस्थांबद्दल लिहिताना आपण हळवे होतो, मीही होतो. पण त्यांचा नियम स्पष्ट होता. त्या गावचा आणि त्या समाजाचा पुरुष असेल तर जागा, नाहीतर नाही.

पैसे द्या आणि राहा

याच काळात दुसरी एक रीत रुजत होती, ती म्हणजे भाडे भरा आणि राहा. तिच्या वरच्या टोकाला काळा घोड्याचे वॉटसन हॉटेल होते. लोखंडी सांगाड्याची ही इमारत १८७१ मध्ये सुरू झाली. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती इथेच. पण मुक्कामाला गोरे पाहुणेच. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहासकार या कथेबद्दल साशंक आहेत. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडले, एवढे पक्के. मला त्या कथेची लोकप्रियताच जास्त बोलकी वाटते. दारातून परत पाठवले जाणे म्हणजे काय, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगावे लागत नव्हते.

मध्यमवर्गीय मराठी माणसासाठी क्रॉफर्ड मार्केटसमोरचे सरदारगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईत आले की बहुधा तिथे उतरत. पुण्याच्या गाडीतून उतरून काही मिनिटांत पोचावे, कोर्टात जाणे सोपे आणि भेटायला येणाऱ्यांनाही ठिकाण सापडायला सोपे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले ते याच इमारतीत. एवढा मोठा पुढारी शेवटच्या आजारात भाड्याच्या मुक्कामी होता, हे मला नेहमी विचारात पाडते. पुण्यातही नंतर ही रीत रुजली. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस सुरू केले आणि नाटक-सिनेमाची मंडळी तिथे हक्काने उतरू लागली.

लॉजने एक मोठी गोष्ट केली. ओळखीच्या जागी त्याने पैसा आणला. चिठ्ठी नको, गाव नको, भाडे मोजा. निदान तत्त्वतः तरी असे होते.

वहीतला रकाना

तत्त्वतः असे का म्हणतो, ते सांगतो. १९९५च्या सुमारास मी आणि माझा एक मित्र एका तालुक्याच्या गावी शिलालेखाचा ठसा घ्यायला गेलो होतो. रात्री लॉज गाठले. व्यवस्थापकाने वही पुढे केली. मी नाव लिहिले, त्याने किल्ली काढली. मग मित्राने नाव लिहिले. व्यवस्थापकाने आडनाव वाचले, मागच्या फळीकडे पाहिले आणि म्हणाला, "दोघांची खोली नाही. एकट्याची आहे." फळीवर सात-आठ किल्ल्या लटकत होत्या. मी वाद घालू लागलो तसा मित्राने माझा दंड धरला. "चल," तो म्हणाला, "स्टँडवर डास असतील, पण वही नसेल." ती रात्र आम्ही एस. टी. स्टँडच्या बाकावर काढली.

त्याच मित्राने मला पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचायला दिले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न मुक्कामाचाच होता. हिंदूंच्या विश्यांत प्रवेश मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ते पारशांच्या धर्मशाळेत गेले. अंगावर सदरा आणि कस्ती नाही हे तिथल्या राखणदाराच्या ध्यानात आले. शेवटी पारशी नाव सांगण्याच्या बोलीवर जागा मिळाली, जेवणासह रोजचा दर दीड रुपया. अडगळीने भरलेल्या दालनाशेजारी, कंदिलाच्या उजेडात त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले आणि त्यांनी बाहेर पडण्याचा हुकूम सोडला. हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. बाबासाहेबांनी उरलेला वेळ कमाठी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. भाडे द्यायला ते तयार होते, जागाही रिकामी होती. नडला तो वहीतला रकाना.

मित्राने मला आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी अनेकदा वाचूनही पाहिली नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. त्याचा महाडच्या सत्याग्रहाशी असलेला संबंध आपण शाळेत शिकतो, म्हणून आपल्याला त्यातले पाणवठे आठवतात. पण सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या किंवा चालवल्या जाणाऱ्या पाणवठ्यांबरोबर त्या ठरावात धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख होता. रात्रीचा आसरा हा पाण्याइतकाच मूलभूत आहे, हे तेव्हा लिहिले गेले होते.

गाडगे महाराजांनाही ते उमगले होते. पंढरपुरात विठ्ठलासाठी आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला निवारा नव्हता, म्हणून त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. पुढे ती वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. परवडणारी आणि जवळची जागा या शब्दांचा खरा अर्थ किरणोपचारासाठी आठवडेच्या आठवडे मुंबईत थांबणाऱ्या त्या माणसांना विचारावा.

२६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर हॉटेले आली. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणाने तिथला प्रवेश अडवता येत नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्दच नावानिशी आले. कायद्याने रकाना पुसला. माझ्या मित्राची रात्र त्यानंतर चाळीस वर्षांनी उजाडली.

आजची निवड

अलीकडे भाचा मला फोनवर खोली ठरवून देतो. दर, अंतर, छायाचित्रे सारे दिसते. तरी मी माझे जुने हिशेब सोडलेले नाहीत. काम जिथे असेल तिथून पायी अंतरावर खोली बघावी. भाड्यात रोजचा येण्याजाण्याचा खर्च मिळवून मगच दोन जागांची तुलना करावी. रात्रीच्या गाडीने पहाटे पोचणार असाल तर लॉज चोवीस तासांचा हिशेब धरते की दुपारी बाराचा, हे आधी विचारावे, नाहीतर पहाटेच्या चार-पाच तासांसाठी पुऱ्या दिवसाचे भाडे पडते. एकट्याला एक रात्रच काढायची असेल तर स्थानकातली रेल्वेची विश्रांतीखोली किंवा डॉर्मिटरीतली खाट पुरते.

एवढे सारे विचारून झाले की मी फोनवर आणखी एक प्रश्न विचारतो. बरोबर मित्र आहे, त्याचे हे नाव आणि हे आडनाव, दोघांची एकच खोली हवी. आडनाव मुद्दाम स्वच्छ उच्चारतो. पलीकडून "या की, साहेब" असे आले तरच पैसे भरतो. एकट्या बाईला, विशिष्ट धर्माच्या माणसाला 'खोली शिल्लक नाही' असे अजूनही ऐकावे लागते, म्हणून हा प्रश्न जुना झालेला नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघे पुन्हा मुंबईला गेलो. बोरीबंदरच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरची खोली होती, लिफ्ट बंद, पंख्याचा आवाज मोठा. काउंटरवरच्या पोराने दोघांची ओळखपत्रे घेतली, न वाचताच झेरॉक्सच्या यंत्रात सरकवली आणि किल्ली पुढे केली. मित्र जिना चढताना म्हणाला, "भाडे जरा जास्त वाटते रे." मी म्हटले, "पुढच्या वेळी घासाघीस करू." नुसत्या भाड्यावरून आमची कुरकुर व्हावी, हे मला त्या दिवशी फार बरे वाटले.