लॅपटॉप संगणक, अल्पभारी : प्रक्रियक व साठवण यांची निवड

मांडीवर किंवा लहान मेजावर ठेवून वापरता येणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा आणि एका हाताने सहज वागविता येण्याइतका हलका वैयक्तिक संगणक. सामान्यतः सु. १·५ किग्रॅ. किंवा त्याहून कमी वजनाच्या लॅपटॉपास अल्पभारी म्हणता येईल. सूचना पार पाडणारा प्रक्रियक (व्यवहारातील नाव प्रोसेसर) व वीज बंद झाल्यावरही माहिती टिकवून धरणारी साठवण ही त्याची दोन प्रमुख अंगे होत. मेजावरच्या मोठ्या संगणकात या दोहोंची निवड बव्हंशी किंमत पाहून करता येते आणि पुढे ती बदलताही येते. अल्पभारी लॅपटॉपात मात्र ती उष्णता, बॅटरी व जागा यांच्या मर्यादांनी जखडलेली असते. या यंत्राचा गेल्या चार दशकांचा इतिहास म्हणजे मुख्यतः या निवडीचा इतिहास होय आणि ती निवड ग्राहकाच्या हातून हळूहळू उत्पादकाच्या हाती कशी गेली, हेही त्यातून दिसते.

प्रक्रियकात खर्च होणारी जवळजवळ सर्व विद्युत् शक्ती अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. हा खर्च स्थूलमानाने प्रक्रियकाच्या कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कालस्पंदांच्या संख्येच्या) आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असतो. कंप्रता वाढविण्यासाठी दाबही वाढवावा लागत असल्याने वेगातील थोड्या वाढीसाठी उष्णतेची किंमत बरीच मोजावी लागते. पातळ पेटीत मोठा पंखा किंवा धातूचे जाड उष्णताशोषक बसत नाही. त्यामुळे अशा यंत्रातील प्रक्रियक क्षणभर किती वेगाने चालतो यापेक्षा तो तासभर कोणता वेग टिकवू शकतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते. विक्रीच्या जाहिरातींत पहिला आकडाच ठळक छापला जातो, ही गोष्ट वेगळी.

वहीच्या आकाराच्या संगणकाची कल्पना अमेरिकन संगणकतज्ज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये 'डायनाबुक' या नावाने मांडली. त्याचे वजन चार पौंडांहून, म्हणजे सु. १·८ किग्रॅ. हून कमी असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. तत्कालीन घटकांनी ती पुरी होणे शक्य नव्हते. १९८१ मध्ये बाजारात आलेला 'ऑस्बोर्न १' हा वाहून नेण्याजोगा म्हणून विकला गेला. परंतु त्याचे वजन सु. ११ किग्रॅ. होते व त्यात बॅटरी नव्हती.

यानंतर लगेचच दोन भिन्न वाटा फुटल्या. १९८२ मधील 'ग्रिड कंपास' या यंत्राची रचना ब्रिटिश अभिकल्पकार बिल मॉग्रिज यांनी केली. त्यात इंटेलचा ८०८६ हा त्या काळी समर्थ गणला जाणारा प्रक्रियक होता. साठवणीसाठी फिरत्या तबकडीऐवजी चुंबकीय बुडबुडा स्मृती वापरण्यात आली होती. तीत कोणताही हलता भाग नसल्याने ती धक्के सहन करीत असे. मॅग्नेशियम मिश्रधातूची पेटी हेच उष्णता बाहेर टाकण्याचे साधन होते. या यंत्रासाठी ८,१५० डॉलर मोजावे लागत, वजन सु. ५ किग्रॅ. भरे आणि ते बाहेरच्या विजेवरच चाले. लष्करी खात्यांनी व अंतराळयानाच्या मोहिमांनी त्याचा स्वीकार केला. सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात ते कधीच आले नाही.

दुसरी वाट जपानी उत्पादकांनी धरली. एप्सन कंपनीचा एचएक्स-२० (वजन सु. १·६ किग्रॅ.) आणि क्योसेरा कंपनीने तयार केलेला व अमेरिकेत १९८३ मध्ये 'टीआरएस-८० मॉडेल १००' या नावाने विकला गेलेला संगणक ही या वाटेची उदाहरणे होत. दुसऱ्या यंत्रात ८०सी८५ हा अवघ्या २·४ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचा प्रक्रियक होता. तो सीमॉस तंत्राने बनविलेला असल्याने त्याच्या मंडलांतील विजेचा खर्च मुख्यतः त्यांची स्थिती पालटतानाच होत असे. तबकडी मुळीच नव्हती. मजकूर स्मृतीतच राही व यंत्र बंद असताना एक लहानशी बॅटरी तो जपून ठेवी. घड्याळांत व विजेरीत वापरतात तशा चार साध्या घटांवर हे यंत्र सु. २० तास चाले. आठ ओळींच्या पडद्याचे हे मंद यंत्र वार्ताहरांनी अनेक वर्षे हाताळले, कारण बातमी लिहून ती दूरध्वनीवरून पाठविणे या कामासाठी त्याहून अधिक वेगाची गरजच नव्हती. कामाचे स्वरूप आधी ठरवून मग घटक निवडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण पुढे क्वचितच आढळते.

१९८८ मध्ये प्रेअरीटेक या अमेरिकन कंपनीने २·५ इंच (६·३५ सेंमी.) वर्गातील २० मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क बाजारात आणली. त्यामुळे वहीएवढ्या यंत्रात पुरेशी साठवण बसविता येऊ लागली. १९९० मध्ये इंटेलने ३८६एसएल हा खास लॅपटॉपांसाठी अभिकल्पिलेला प्रक्रियक सादर केला. काम नसताना त्याचा कालस्पंद थांबविता येई व स्मृतीतील माहिती सुरक्षित राहून वीज वाचे. सारखे फिरणारे चक्र आणि ते फिरविणारी मोटर हा हार्ड डिस्कचा मूळ दोष मात्र राहिलाच. चालू यंत्र हातातून निसटले, तर वाचनशीर्ष तबकडीवर आपटून माहिती कायमची नष्ट होण्याचा धोका असे.

यावरचा उपाय जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या फ्लॅश स्मृतीत होता. तिचा एक प्रकार १९८४ मध्ये, तर आज साठवणीसाठी सर्वत्र वापरला जाणारा 'नँड' हा प्रकार १९८७ मध्ये जाहीर झाला. हीत विद्युत् भार निरोधकाने वेढलेल्या सूक्ष्म भागात अडकवून ठेवला जातो व वीज नसतानाही तो तेथेच राहतो.

हार्ड डिस्क की फ्लॅश, हा प्रश्न अल्पभारी लॅपटॉपाच्या ग्राहकापुढे ठळकपणे आला तो ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या १९९३ मधील 'ओम्नीबुक ३००' या यंत्रामुळे. त्याचे वजन सु. १·३ किग्रॅ. होते व ४० मेगाबाइटांची लहान हार्ड डिस्क किंवा १० मेगाबाइटांचे फ्लॅश कार्ड यांपैकी एक साठवण निवडावी लागे. फ्लॅशमुळे बॅटरी अधिक तास टिके, क्षमता मात्र चतुर्थांश मिळे. प्रचालन प्रणाली व प्रमुख कार्यक्रम केवळ वाचता येणाऱ्या कायम स्मृतीत बसविल्यामुळेच १० मेगाबाइटांत काम भागू शकत होते. कार्ड खाचेतून काढून दुसरे घालता येई, ही या यंत्राची आणखी एक सोय होती. तिचे मोल पुढे ती नाहीशी झाल्यावर कळले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रक्रियकांची स्पर्धा कंप्रतेच्या आकड्यांभोवती फिरू लागली आणि लॅपटॉप जाड व तप्त होऊ लागले. ट्रान्समेटा कंपनीने २००० मध्ये 'क्रूसो' हा अल्पशक्ती प्रक्रियक आणून या प्रवाहास विरोध केला. परंतु त्याचा वेग ग्राहकांना पुरेसा वाटला नाही. खरी दिशा पालटली ती मार्च २००३ मध्ये, इंटेलच्या इझ्राएलमधील हैफा येथील केंद्रात अभिकल्पिलेल्या 'पेंटियम एम' या प्रक्रियकामुळे. तो त्याहून बऱ्याच अधिक कंप्रतेच्या पेंटियम ४ जातीच्या तोडीचे काम कमी उष्णतेत करीत असे. ९०० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या त्याच्या अतिअल्पदाब आवृत्तीसाठी ७ वॉटांची उष्णतामर्यादा धरलेली होती. दर स्पंदास किती काम होते हे न पाहता केवळ मेगाहर्ट्‌झ मोजण्याची पद्धत किती फसवी आहे, हे यामुळे उघड झाले.

२००७-०८ ही दोन वर्षे या इतिहासात विशेष महत्त्वाची आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या आसूस कंपनीने 'ई पीसी ७०१' हा सु. ०·९ किग्रॅ. वजनाचा स्वस्त लॅपटॉप आणला. त्यातील सेलेरॉन प्रक्रियक मुळात ९०० मेगाहर्ट्‌झचा असूनही तो ६३० मेगाहर्ट्‌झवर चालविला जाई. साठवण ४ गिगाबाइट फ्लॅशची होती. पुढील वर्षीच्या ९०१ या आवृत्तीत लिनक्स प्रणालीसह २० गिगाबाइट, तर विंडोज प्रणालीसह १२ गिगाबाइट साठवण दिली जाई. दोन्हींत पहिले ४ गिगाबाइट जलद व उरलेले मंद जातीचे असत. छापील क्षमता एकच आकडा सांगे. प्रत्यक्षात तिचे असे दोन तुकडे असत. प्रणाली जलद भागात दाटीवाटीने बसे आणि अद्ययावत भर पडू लागली की ती जागा लवकर संपे.

याच सुमारास 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेतील एक्सओ-१ हे यंत्र तयार झाले. त्यात ४३३ मेगाहर्ट्‌झचा जिओड प्रक्रियक व १ गिगाबाइट फ्लॅश साठवण होती. २००७ मध्येच महाराष्ट्रातील कर्जतजवळच्या खैराट या गावच्या शाळेत या यंत्राचा प्रायोगिक वापर सुरू झाला. विजेचा भरवसा नसलेल्या व धूळ-पावसाच्या खेड्यात, लहान मुलांच्या हाती द्यावयाच्या यंत्रात फिरती तबकडी व पंखा टाळणे हे सयुक्तिकच होते. श्रीमंत ग्राहकासाठी शोभेचा वाटणारा हलकेपणा येथे निकडीचा ठरला.

जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून काढून दाखविलेल्या 'मॅकबुक एअर'ची निवड-पत्रिका या विषयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगी आहे. १,७९९ डॉलरच्या मूळ यंत्रात १·६ गिगाहर्ट्‌झचा प्रक्रियक व १·८ इंच वर्गातील ८० गिगाबाइटांची मंदगती हार्ड डिस्क होती. १·८ गिगाहर्ट्‌झच्या प्रक्रियकासाठी आणखी ३०० डॉलर आणि हार्ड डिस्कऐवजी ६४ गिगाबाइटांच्या फ्लॅश साठवणीसाठी ९९९ डॉलर द्यावे लागत. म्हणजे जवळजवळ हजार डॉलर जास्त देऊन १६ गिगाबाइट कमी मिळत. प्रक्रियकाची उष्णतामर्यादा २० वॉट व बॅटरीची क्षमता ३७ वॉट-तास होती. प्रक्रियक पूर्ण ताणाने चालला, तर केवळ त्यासाठीच ती दोन तास पुरणार नाही, हे साध्या भागाकाराने कळते. प्रत्यक्षात अनेक यंत्रांत तापमान वाढताच वेग आपोआप उतरविला जाई. त्यामुळे जलद प्रक्रियकासाठी दिलेले पैसे बऱ्याच अंशी वाया जात. साठवणीतील बदल मात्र, महाग असला, तरी रोजच्या कामात जाणवणारा होता. हार्ड डिस्कमध्ये वाचनशीर्ष योग्य जागी नेण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. फ्लॅशमध्ये तो काळ त्याच्या शतांशापेक्षाही कमी असतो. ऑक्टोबर २०१० च्या आवृत्तीपासून ॲपलने या यंत्रातून हार्ड डिस्क पूर्णपणे काढून टाकली.

इंटेलने २०११ मध्ये पुरस्कारलेल्या 'अल्ट्राबुक' वर्गात प्रक्रियकांची उष्णतामर्यादा १७ वॉटांवर आली. त्यांतील काहींत मोठ्या हार्ड डिस्कच्या जोडीस लहानशी फ्लॅश ठेवण्याचा मध्यममार्ग काढण्यात आला, परंतु फ्लॅश स्वस्त होताच तो मागे पडला. २०१४ मधील 'कोअर एम' प्रक्रियकाची मर्यादा सु. ४·५ वॉट असल्याने पंखा वगळणे शक्य झाले. त्याच वर्षीच्या काही अतिस्वस्त लॅपटॉपांत मात्र ३२ गिगाबाइटांची मंद फ्लॅश डाख देऊन पटलावरच जोडलेली असे. विंडोज प्रणालीची पुढची आवृत्ती घेण्यास तीत जागाच उरत नसे आणि सुस्थितीतील यंत्रे केवळ साठवणीपायी अडून बसत. या ठिकाणी काटकसर ग्राहकाच्या माथी मारली गेली, असेच म्हणावे लागेल.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने आर्म पद्धतीचा स्वतःचा 'एम १' हा प्रक्रियक आणला. पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये आणि पंखा असलेल्या त्याच्या भावंडात तो समान असल्याने अल्पकालीन कामांत दोहोंत फारसा फरक पडत नसे. दीर्घकाळ चालणाऱ्या जड कामातच तो दिसे. प्रक्रियकाचा प्रश्न असा बराचसा सुटल्यावर निवडीचा भार साठवणीवर व कार्यकारी स्मृतीवर आला. या दोन्ही गोष्टी खरेदीच्या क्षणी कायमच्या ठरू लागल्या, कारण स्मृती प्रक्रियकाच्या संचातच व साठवण पटलावर डाखलेली होती. २०२२ मधील 'एम २' आवृत्तीत २५६ गिगाबाइटांसाठी पूर्वीच्या दोन चिपांऐवजी एकच चिप वापरण्यात आली. दोन चिपांतून एकाच वेळी होणारे वाचन त्यामुळे थांबले व साठवणीचा वेग आधीच्या आवृत्तीहून बराच कमी भरला. कार्यकारी स्मृती अपुरी पडली, की यंत्र साठवणीचाच आधार घेते. त्यामुळे दोन्ही बाबतींत सर्वांत खालचा पर्याय घेणाऱ्यास हा मंदपणा दुहेरी जाणवे.

सर्वच उत्पादकांनी हा मार्ग पत्करला नाही. २०२१ मध्ये फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने सु. १·३ किग्रॅ. वजनाचा, साठवण व स्मृती खाचांतून काढता-घालता येणारा लॅपटॉप विक्रीस आणला. प्रक्रियकही मुख्य पटलासह पालटता येतो. इतर अनेक अल्पभारी यंत्रांतही एम.२ या प्रमाणित खाचेत बसणारी साठवण आढळते व ती काही वर्षांनी मोठी करता येते. डाखलेल्या साठवणीच्या यंत्रात पटल निकामी झाले, तर तीवरील माहिती बहुधा त्याबरोबरच जाते; काढता येणारी साठवण निराळ्या यंत्रात घालून वाचता येते, अर्थात ती सांकेतिक लिपीत बंद केलेली असल्यास तिची किल्ली जवळ असावी लागते.