एका वहीच्या दोन वह्या: शहापूर, मुरबाड आणि सर्वेक्षणाचा इतिहास

नगररचना आणि भूदृश्य वास्तुकला शिकणारी मुलंमुली अभ्यासासाठी शहापूर-मुरबाडकडे जातात. आसनगावला लोकलमधून उतरायचं, समोर माहुलीचा डोंगर, की नकाशाला सुरुवात. या सर्वेक्षणाच्या पद्धतीलाही इतिहास आहे. आज तो पाहू.

१९१९ साली पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं साधं होतं: आधी निदान, मग उपचार. वैद्य नाडी बघितल्याशिवाय पुडी बांधत नाही ना, तसंच. शहर समजून घ्यायचं तर डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचं अख्खं खोरं बघा, आणि प्रत्येक टप्प्यावर ठिकाण, काम आणि लोक या तिन्हींची नोंद एकत्र करा.

आता हे आपल्याकडे लावून बघा. भातसा आणि काळू सह्याद्रीतून निघतात, त्यांचं पाणी शेवटी उल्हासमधून खाडीत जातं. वर महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या वाड्या, मध्ये भातखाचरं, खाली कल्याण-ठाणे. गेडिस सांगत होते ते खोरं हेच.

पण पुढे या एका वहीच्या दोन वह्या झाल्या. एका वहीत पाणी गेलं. शहापूर तालुक्यात १८९२ सालीच मुंबईसाठी तानसा धरण झालं होतं. १९४८ मध्ये अभियंते एन. व्ही. मोडक यांनी अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. १९५७ साली पूर्ण झालेलं वैतरणेचं धरण त्यांच्याच नावानं मोडकसागर म्हणून ओळखलं जातं. दुसऱ्या वहीत माणसं गेली. गेडिस यांचे विद्यार्थी डॉ. गो. स. घुर्ये यांचं महादेव कोळ्यांवरचं पुस्तक १९५७ चंच! दोन्ही कामं मोलाची. पण पाणी आणि माणूस एकाच पानावर आले नाहीत.

त्याची किंमत कोण मोजतं? मुंबईला सर्वाधिक पाणी भातसा देते, आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. मुरबाडमध्ये काळू धरणाचं काम वनखात्याच्या परवानगीआधीच सुरू झालं आणि २०१२ साली उच्च न्यायालयाला ते थांबवावं लागलं. निदानाआधी उपचार, दुसरं काय?

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक प्रश्न पडतो. आपण एखाद्या गावाला 'साइट' म्हणतो, तेव्हा नेमकं काय करतो? तिथे राहणाऱ्याला आपण मनातल्या मनात उठवून लावतो. कोरी जागा दिसली, की तिथे काहीही आखायला हात मोकळा होतो.

म्हणून विद्यार्थ्यांच्या कामाला मी किरकोळ समजत नाही. संपूर्ण शहापूर आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो, आणि त्यासाठी नकाशा लागतो. कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते, गुरं कुठे चरतात, देवराई कुठवर आहे, हे गावातली म्हातारी माणसं आणि पाणी भरणाऱ्या बाया सांगतील. ते विचारा, त्यांच्याबरोबर चाला, मग रेघ ओढा. आणि महाविद्यालयात गुण मिळाले म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्या नकाशाची एक प्रत, मराठीत, ग्रामसभेला द्या.